५ वुड आणि ५ आयर्नमध्ये ३० यार्डांची पोकळी: कोणता हायब्रिड बसेल?

पाचनंबरी

गोल्फच्या बॅगेत १४ क्लब (खेळायच्या काठ्या) भरलेले आहेत: ड्रायव्हर, ३ वुड (लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, फेसचा, कल १५ अंश), ५ वुड (१८ अंश), ४ ते ९ आयर्न, पिचिंग वेज, आणखी तीन वेज, पटर. लॉन्च मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येकी दहा बॉल मारून काढलेली कॅरी (बॉल हवेतून जमिनीवर टेकेपर्यंत जातो ते अंतर) अशी आहे: ७ आयर्न १३६ यार्ड, ६ आयर्न १४७, ५ आयर्न (२४ अंश) १५८, ४ आयर्न (२१ अंश) १६४ आणि ५ वुड १८८. म्हणजे ५ आयर्नपर्यंत दर क्लबला ११ यार्ड वाढतात आणि ४ आयर्नला गाडी अडते.

४ आयर्न काढून हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) टाकायचाय. १९ अंशांचा ३ हायब्रिड घ्यावा की २२ अंशांचा ४ हायब्रिड? की ५ आयर्नलाही रजा देऊन दोन हायब्रिड घ्यावेत? उजव्या हाताने खेळतो. आयर्नचे शाफ्ट (दांडे) स्टीलचे, १०५ ग्रॅम; ५ वुडचा ग्राफाइट, ६५ ग्रॅम. हायब्रिड हातात घेतला की बॉल डावीकडे हुक होतो, ही जुनी तक्रार आहेच.

लॉफ्टपाहा

क्लबच्या तळावरचा आकडा विसरा. त्याला कसलंच प्रमाण नाही. एका कंपनीचा ४ हायब्रिड २१ अंशांचा असतो, दुसरीचा २३ चा. विकत घ्यायची ती कॅरी. १५८ आणि १८८ यांच्या मधोमध १७३ येतात. तेवढी कॅरी देणारा क्लब शोधायचा, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो.

लॉफ्टइतकीच लांबी महत्त्वाची. ५ वुड साधारण ४२ इंच, हायब्रिड ४० च्या आसपास, ४ आयर्न साडेअडतीस. १९ अंशांचा हायब्रिड तुमच्या ५ वुडपेक्षा जेमतेम एका अंशाने जास्त झुकलेला आणि दोन इंच आखूड. तुमच्या स्पीडला तो १८० च्या आगेमागे जाईल. मग वर ८ यार्डांचं अंतर उरतं आणि खाली २२ चं. पोकळी भरली नाही, नुसती सरकली. २२ अंशांचा १७२-१७४ ला पडायला हवा.

४ आयर्न का अडतो, हेही मॉनिटरवर बघून घ्या. कॅरीच्या शेजारी उंचीचा आकडा असतो. ४ आयर्नची उंची ५ आयर्नपेक्षा कमी दिसली तर निदान पक्कं: एवढ्या कमी लॉफ्टला बॉल उचलायला लागणारा वेग तुमच्याकडे नाही. तो खालून निघतो, स्पिन कमी पडतो आणि लवकर खाली येतो. हायब्रिडचं वजन मागे आणि खाली असल्याने जवळपास तेवढ्याच लॉफ्टवर बॉल उंच जातो.

५ आयर्नला हात लावू नका. त्याचे ११ यार्ड चोख आहेत.

शाफ्टवाला

लॉफ्टचं वर आलंच आहे, पण हुकची भीती लॉफ्टने जाणार नाही. तुमच्या दोन शाफ्टमध्ये ४० ग्रॅमचा फरक आहे आणि हायब्रिड नेमका त्यांच्यामध्ये बसतो. दुकानातले बरेच हायब्रिड ६०-७० ग्रॅमच्या शाफ्टवर येतात. १०५ ग्रॅमच्या आयर्नची सवय असलेल्या हाताला ती काडीच वाटते: हात पुढे पळतात, फेस आधी बंद होतो, बॉल डावीकडे. ८० ते ९० ग्रॅमचा शाफ्ट मागा, फ्लेक्स (दांड्याची लवचिकता) आयर्नच्या जवळचा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

उरलेल्या तक्रारीत बॉल ठेवायची जागा येते. दिसायला वुडसारखा, म्हणून लोक हायब्रिडला बॉल डाव्या टाचेसमोर ठेवतात आणि झाडू मारल्यासारखा स्विंग करतात. क्लब तिथे पोचेपर्यंत फेस वळलेला असतो आणि तळ वर उठायला लागलेला असतो. मग एक हुक, एक टॉप (बॉलच्या वरच्या भागावर बसलेला फटका), आळीपाळीने. ५ आयर्नला जिथे ठेवता तिथून अर्धा बॉल पुढे, बस्स. फटका आयर्नसारखा किंचित खाली जाणारा. बॉलच्या पुढचं गवत खरवडलेलं दिसलं पाहिजे. खड्डा पडायची गरज नाही.

उंचबॉल

एक वेगळं मत. तुमचा ५ वुड १८८ जातोय, म्हणजे वुड तुम्हाला जमतो. मग हायब्रिडच कशाला? २४ अंशांचा ९ वुड बघा. लांबी सुमारे ४१ इंच, कॅरी त्याच १७० च्या पट्ट्यात, पण बॉल जास्त उंच जातो आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) उभा उतरून थांबतो. शिवाय तुमची डावी वळवणारी खोड वुडमध्ये कमी दिसेल. लोक सवयीने ७ वुड सुचवतील. तो २१ अंशांचा, तुमच्याकडे १८० ला जाऊन ५ वुडला चिकटेल.

तोटेही सांगतो. समोरून वारा असला की उंच बॉल मार खातो. दाट रफमध्ये (उंच गवतात) मोठ्या डोक्याला गवत जास्त धरतं, हायब्रिडचं छोटं डोकं त्यातून सटकतं. कॅरी सारखी, स्वभाव वेगळा.

पाचनंबरी

९ वुडचा विचारच केला नव्हता. दोन्ही मारून बघतो. एक शंका: होजल (शाफ्ट डोक्याला जोडला जातो ती मान) फिरवून लॉफ्ट बदलता येतो असा २० अंशांचा हायब्रिड घेऊन २२ वर नेला तर चालेल का? पुढेमागे हवा तर १९ पण करता येईल.

लॉफ्टपाहा

तुमच्या बाबतीत उलटं करा. होजल फिरवून लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर टेकवल्यावर फेस बंद दिसतो, कमी केला की उघडतो. २० चा २२ केलात तर दोन अंश लॉफ्टसोबत डावीकडे बघणारा फेसही घरी आणाल. हुकवाल्याने २३ चा घेऊन २२ वर आणावा, फेस जरासा उघडा मिळतो. आणि हे सगळं फेरीआधी; राउंड सुरू झाल्यावर होजल फिरवणं नियम ४.१ ला चालत नाही.

चाचणी करताना रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) बॉल नकोत. ते कमी उडतात, आणि सगळ्या क्लबांना सारख्याच प्रमाणात कमी उडतात असंही नाही. खेळता तोच बॉल न्या. ५ आयर्न, हायब्रिड, ९ वुड, ५ वुड असं एकेक आळीपाळीने मारा. एकच क्लब सलग दहा वेळा मारला की हात त्याला सरावतो आणि आकडे गोड येतात. उघड टॉप झालेले सोडून द्या, उरलेले क्रमाने लावा आणि मधला आकडा धरा. सरासरी एखाद्या तुफान बॉलने फुगते. त्याच यादीत सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब बॉलही बघा. एखादा क्लब १७५ देतोय पण १५५ ते १८५ असा पसरतोय आणि दुसरा १७० च देतोय पण १६४ ते १७४ मध्ये राहतोय, तर दुसरा घ्या.

शाफ्टवाला

जाता जाता लायची (डोकं टेकवल्यावर शाफ्ट किती उभा राहतो, त्या कोनाची) तपासणी करा, फुकट आहे. फळ्यावर लिहायच्या मार्करने बॉलवर जाड उभी रेघ ओढा, रेघ फेसकडे करून ठेवा आणि मारा. रेघ फेसवर उमटते. उभी उमटली तर लाय बरोबर. रेघेचा वरचा भाग क्लबच्या टोकाकडे (शाफ्टपासून लांबच्या बाजूला) झुकला असेल तर क्लब जास्त उभा आहे, बॉल डावीकडेच जाणार. आयर्नची मान वाकवून हे सुधारता येतं, बहुतेक हायब्रिडची येत नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी बघायचं.

झुकाव थोडाच असेल तर ग्रिप अर्धा इंच खाली धरून पुन्हा मारा. रेघ सरळ झाली आणि कॅरी १७० च्या खाली गेली नाही, तर ग्रिपच्या बाजूने अर्धा इंच कापून घेता येईल. कापल्यावर स्विंगवेट (स्विंग करताना डोकं किती जड लागतं त्याचं माप) सुमारे तीन पॉइंट उतरतं. डोकं हलकं लागलं तर तळाला शिशाची पट्टी: पॉइंटला २ ग्रॅम, म्हणजे ६ ग्रॅम. ती टोकाच्या बाजूला लावा. टाचेकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) लावलीत तर हुक परत येईल.