शब्दचर्चा : ‘शिरमाखर ओॲसिस’ला मरूद्यान म्हणावं का?

प्रश्न : अंटार्क्टिकाच्या नकाशावरची नावं मराठीत लिहायची आहेत. ‘शिरमाखर मरूद्यान’ चालेल का? तिथे उद्यान कसलं?

– नाव आधी फोडून पाहा. ‘शिरमाखर’ हे 1938-39च्या जर्मन मोहिमेतल्या वैमानिकाचं आडनाव. ते तसंच ठेवायचं, उच्चार मात्र जर्मन घ्यायचा. ‘ओॲसिस’ भूरूप सांगतो, म्हणून त्याचं भाषांतर करायचं. ध्रुवीय भूगोलात त्याचा अर्थ बर्फाच्या चादरीतला उघडा खडकाळ पट्टा. इथला पट्टा सुमारे 35 चौरस किलोमीटरचा, तळी शंभरावर, झाड एकही नाही. आपलं ‘मैत्री’ संशोधन केंद्र 1989पासून इथेच आहे. पर्जन्यमान पाहता अंटार्क्टिका वाळवंटच, म्हणजे ‘मरु’ बरोबर. अडतं ते ‘उद्यान’. मी ‘शिरमाखर टेकड्या’ लिहीन. इंग्रजी नकाशांतही ‘हिल्स’ हा पर्याय आढळतो.

– मला मरूद्यानच पटतं. नावात व्याख्या कोंबायला गेलो तर ‘हिमनग’ही टाकावा लागेल! नग म्हणजे न चालणारा, आणि हिमनग तर समुद्रभर हिंडतो. शब्द रुळला की व्युत्पत्तीला कोण विचारतं?

खरी गफलत ‘आइस शेल्फ’ची होते. शेल्फ जमिनीवरच्या बर्फाला जोडलेला, पण पाण्यावर तरंगणारा असतो. त्याचा तुकडा सुटला की तो हिमनग. 2002मध्ये लार्सन-बी शेल्फचा सुमारे 3,250 चौरस किलोमीटर भाग फुटला. तिथे ‘हिमनग फुटला’ लिहिलं तर कारणाच्या जागी परिणाम येतो. ‘हिमपट्ट’, ‘हिममंच’ वगैरे करण्यापेक्षा सरळ ‘लार्सन आइस शेल्फ’ लिहा. ‘नुनाटाक’ही तसाच ठेवा. हा ग्रीनलंडच्या भाषेतला शब्द, ‘नुना’ म्हणजे भूमी. बर्फातून डोकं काढणारा उघडा सुळका. ‘हिमशिखर’ म्हटलं की वाचकाला नेमकं उलटं दिसतं.

– एकाच जागेची चार नावं सापडली तर गडबडू नका. नाव प्रत्येक देशाची समिती ठरवते. ‘स्कार’ ही आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती ती फक्त एका सूचीत गोळा करते, मंजुरी देत नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाला ब्रिटिश ‘ग्रॅहम लँड’ म्हणत, अमेरिकन ‘पामर’. 1964मध्ये तडजोड झाली : अख्ख्याला आजचं नाव, उत्तर भाग ग्रॅहम, दक्षिण भाग पामर. त्यामुळे जुन्या पुस्तकातला ‘ग्रॅहम लँड’ आजच्या नकाशावर जसाच्या तसा बसत नाही.

आणि लार्सन व लार्समन एक समजू नका. लार्सन शेल्फ याच द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याला. आपलं दुसरं संशोधन केंद्र ‘भारती’ आहे ते लार्समन टेकड्यांवर, पूर्व अंटार्क्टिकात, प्रिड्झ उपसागरापाशी.