अनुभव धागा : शास्त्रीजींचे एकोणीस महिने आणि आपली वावरं

लालबहादूर शास्त्री ९ जून १९६४ ला पंतप्रधान झाले आणि ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये वारले. एवढाच काळ. २ ऑक्टोबरला गांधीजींच्या शेजारी त्यांच्या फोटोला हार पडतो, 'जय जवान, जय किसान' म्हटलं की झालं. त्यांनी उभं केलेलं काम मात्र वजनकाट्यावर आणि डेअरीत रोज दिसतं. ज्यांचे हात या कामात आहेत त्यांनी नेमकं लिहावं: किती, कसं, कुठं बिघडतं.

वर्धा, निवृत्त शिक्षक

त्या वेळी देश अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर अवलंबून होता. शास्त्रीजींनी कृषी खातं सी. सुब्रमण्यम यांच्याकडे दिलं. धान्याच्या भावांसाठी नेमलेल्या झा समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९६५ मध्ये भाव सुचवायला कृषी मूल्य आयोग आला, आणि त्याच महिन्यात धान्य उचलायला भारतीय अन्न महामंडळ. दोन्ही सोबत आले हीच खरी दूरदृष्टी. घेणाराच नसेल तर जाहीर भावाचा कास्तकाराला काय उपयोग? आयोग फक्त शिफारस करतो, भाव मंत्रिमंडळ ठरवतं, आणि त्यामागं केंद्राचा कायदा आजही नाही. हे काम अर्धं राहिलं आहे. धान्य वाचावं म्हणून सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा, असं त्यांनी देशाला सांगितलं ते आधी स्वतःच्या घरी करून पाहून.

यवतमाळ, जिनिंगमधील ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा)

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे, तो ८ टक्के ओलाव्याचा. पुढे १२ टक्क्यांपर्यंत जितके टक्के ओलावा जास्त, तितके टक्के पैसे कापतात. १२ च्या वर गेला की गाडी परत. १० टक्के आला तर क्विंटलमागे १६२ रुपये २० पैसे जातात, २० क्विंटलच्या गाडीला ३२४४.

हे नुकसान वावरातच थांबवता येतं. दंव उडाल्यावर वेचा सुरू करा. वेचलेला माल ताडपत्रीवर पातळ पसरून ऊन द्या, मगच गंजी लावा. गंजीच्या पोटात हात घातला आणि गार लागला तर तो माल अजून ओला आहे, वरचा थर कितीही कोरडा दिसो. ओलाव्याचं मीटर चार-पाच ठिकाणी खोल लावायला सांगा आणि आकडा स्वतः वाचा. युरियाच्या कट्ट्यात कापूस भरू नका, प्लास्टिकचे धागे रुईत जातात आणि पुढं निघत नाहीत. कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी ठेवा. फरदडीचा (हंगाम संपल्यावर तेच पीक पुढं ठेवून घेतलेला) माल पहिल्या वेच्यात मिसळला की सगळ्या गाडीची प्रत उतरते.

सरकारी खरेदीत कापूस विकण्यासाठीच्या 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करण्याआधी सातबारावरची ई-पीक पाहणी (पिकाची ऑनलाइन नोंद) बघा. कपाशी आणि तूर मिश्र पीक म्हणून चढली असेल तर कपाशीचं क्षेत्र कमी दिसतं आणि तेवढाच कमी माल घेतला जातो. केंद्रावर वाद घालून ते सुधारत नाही, तलाठ्याकडूनच करून आणावं लागतं.

अमरावती

ग्रेडरभाऊ, माहिती चोख आहे. एक मात्र जोडतो, कापसाची सरकारी खरेदी शास्त्रीजींच्या खात्यावर मांडू नये. भारतीय कापूस महामंडळ १९७० चं, राज्याची एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा) १९७२ ची. त्यांनी घातला तो पाया.

गोंदिया, धान खरेदी केंद्र

आमच्याकडं खरेदी राज्याचं सहकारी मार्केटिंग फेडरेशन करतं, आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. साधारण धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये, ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. घरच्या घरी पाहायचं तर दाणा दाताखाली धरा. कट्कन तुटला तर वाळला, दबला तर अजून एक-दोन दिवस ऊन द्या. ४० किलोच्या कट्ट्यात बारदानाचं (रिकाम्या पोत्याचं) वजन वेगळं धरलं आहे का, ते काट्यावरच विचारा. गिरणीनं क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा असतो, म्हणून तुकडा पडणाऱ्या धानावर तिथं नजर कडक असते. फार ऊन खाल्लेलं धानही गिरणीत तुटतं.

नागपूर ग्रामीण, दूध संकलन केंद्र

३१ ऑक्टोबर १९६४ ला शास्त्रीजी गुजरातमधल्या आणंदला गेले होते आणि आदली रात्र त्यांनी जवळच्या अजरपुरा गावात काढली. लोकांच्या घरी बसून त्यांनी सहकारी डेअरी समजून घेतली. आणंदसारख्या डेअऱ्या देशभर व्हाव्यात म्हणून १९६५ मध्ये आणंदलाच राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आलं, वर्गीस कुरियन त्याचे पहिले अध्यक्ष. एक म्हैस असो की दहा, पैसे फॅटवर (दुधातल्या स्निग्धांशावर), ही त्या पद्धतीची ताकद.

म्हणून फॅट कसं काढतात ते कळायला हवं. फॅट मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र नसेल तिथं गर्बर पद्धत: ब्युटायरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या काचेच्या नळीत) आधी १० मिली गंधकाम्ल, मग काचेच्या कडेनं हळू १०.७५ मिली दूध, शेवटी १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवा, सेंट्रीफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांवर चार-पाच मिनिटं फिरवा, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचा. दूध धसकन ओतलं तर ते करपतं आणि फॅटच्या पट्ट्यात काळे कण येतात. तो आकडा धरू नये. सगळ्यात जास्त चूक होते ती नमुना घेताना. साय वर आलेली असते आणि माप खालून भरलं जातं. नमुन्याआधी दूध दोनदा खालीवर करायला सांगा. फॅट कमी वाटलं तर दुसरी चाचणी तिथंच मागा. दूध मोठ्या टाकीत गेल्यावर तुमचं दूध कोणतं हे कुणालाच सांगता येत नाही.