मदत हवी आहे: ताप उतरला, पण मनी खाईना

परभणीजवळच्या गावातून लिहितेय. आमच्या मनी मांजरीला सर्दी-ताप होता. सलाईन, इंजेक्शनं झाली, आता घरीच आहे. पाणी पिते, पण खायचं नाव नाही. नाक चोंदलंय, वासच येत नसावा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन कोमट करून दिलं (कांदा-लसूण मांजराला विषारी, म्हणून तेही नाही), तर नुसतं चाटून बाजूला झाली. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढू शकते, त्याचीच धास्ती. सासूबाई म्हणतात दूध पाजा. मला काही पटेना, आधीच पोट नाजूक. सिरिंजनं गालाच्या कडेनं पातळ सूप पाजताना ठसका लागू नये म्हणून डोकं कसं धरायचं? एका वेळी किती मिली? डॉक्टर उद्या भेटणारेत, तोवर कुणी केलं असेल तर सांगा की.