दहावीला गणित बेसिक घ्यायचं का स्टँडर्ड?

पोरगी सीबीएसईत दहावीला हाय, शाळेनं फॉर्म दिलाय, त्यात दोन चौकोन. आम्ही दोघंबी मराठी शाळेतली, काय कळंना. बेसिक घेतलं तर ती कच्ची ठरते काय ओ?

— ताई, तसं काय नाही. पुस्तक तेच, वर्गात शिकवणं तेच, फक्त बोर्डाचा ८० मार्कांचा पेपर बेसिकवाल्यांना सोपा असतोय. २०२० च्या परीक्षेपासून हाय हे. पण इंजिनिअरिंग डोक्यात असंल तर स्टँडर्डच घ्या.

— माझ्या पोरानं बेसिक घेतलं, आता बायोलॉजीत खूश हाय. आधी तिची वही उघडून बघा, गणितं अर्धवट राहिल्यात का सुरूच केली नाहीत. अर्धवट राहिली असतील म्हंजे नुसता वेळ कमी पडत असंल, तर त्यासाठी बेसिक घेऊ नका, आणि तिलाबी विचारा की!