तृतीयपंथीयांना कुठल्या बाजूला सोडायचं?

पावतीवाली, भुसावळ: स्टँडाजवळच्या शौचालयात मी पैसे घ्यायला बसते. साडी नेसलेली तृतीयपंथी आली की बायकांकडे सोडते. काल एक ताई केवढ्या ओरडल्या, "माझी पोरगी आहे आत!" ठेकेदार म्हणतो, पुरुषांकडे पाठव. तिकडे टवाळ पोरं दार वाजवत बसतात. नियम काय आहे वो?

काळाकोट, जळगाव: स्वच्छ भारतच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, त्यांच्या पसंतीचं शौचालय त्यांना वापरू द्यायचं. सुप्रीम कोर्टानं 2014 लाच वेगळी सोय करा म्हटलं होतं. ती कुठंय, ते विचारू नका. आपल्याच भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी उमेदवाराला 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठानं महिला राखीव जागेवर ग्रामपंचायत लढू दिली. निवडूनही आल्या.

धुळेकरीण: निवडणूक वेगळी, मोरी वेगळी. त्या आईला दटावू नका. दाराखाली वीतभर फट, कडी तुटलेली, मग कोणीही आलं तरी जीव वरखाली होतोच.

पावतीवाली: कडी सुतळीनं बांधलीय, ताई. ठेकेदार ऐकत नाही. काळाकोटभाऊ, तो 2017 चा कागद धाडा, गल्ल्यावर चिकटवते.