मदत हवी आहे : दार्जिलिंग, मुलं बरोबर आहेत, काय ठेवू आणि काय गाळू?

मृदगंध
पुढच्या आठवड्यात दार्जिलिंगला जातोय. ड्रायव्हरने व्हॉट्सॲपवर कार्यक्रम पाठवलाय, तो वाचूनच दमायला झालं. पहिला दिवस : पहाटे थ्री पॉइंट (टायगर हिलचा सूर्योदय आणि वाटेतली दोन ठिकाणं), मग रॉक गार्डन आणि रोपवे. दुसरा दिवस : सेव्हन पॉइंट (सात ठिकाणांची फेरी, त्यात प्राणिसंग्रहालय). तिसरा दिवस : मिरिकमार्गे बागडोगरा विमानतळ. यातलं मुलांना काय आवडेल आणि काय सरळ गाळू, एवढंच सांगा. तिकिटं, हॉटेल सगळं झालंय, त्यामुळे दुसरं ठिकाण सुचवू नका. आज रात्री त्याला कळवायचंय, प्लीज लवकर.

घाटवाट
मुलं केवढी आहेत? चार वर्षांच्या आणि चौदा वर्षांच्या मुलाला एकच उत्तर कसं देणार?

सह्यकडा
दार्जिलिंगला दोन-तीन दिवस म्हणजे अन्याय आहे. आम्ही पेलिंग आणि गंगटोक जोडून नऊ दिवस केले होते. तुम्ही सिक्कीम घ्याच, मुलांना बर्फ बघायला मिळेल.

मृदगंध
@घाटवाट, मुलगी ९, मुलगा ४.
@सह्यकडा, तिकिटं झाली आहेत हो.

चहाटळकी
नोव्हेंबरात जाताय तर ऑटम फ्लश (शरदातल्या तोडीचा) चहा नक्की घ्या. मार्च-एप्रिलचा फर्स्ट फ्लश हलका असतो, मे-जूनच्या सेकंड फ्लशला तो प्रसिद्ध मस्कटेल गंध येतो. ऑटमचा रंग जरा गडद आणि चव गोलसर. मॉल रोडवरच्या दुकानात आधी करून प्यायला मागा, मगच पुड्या बांधून घ्या. दूध घालू नका. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवला की पुरे.

सायली_ठाणे
आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हा आमचा मुलगा पाच वर्षांचा होता. टायगर हिलसाठी पहाटे साडेतीनला उठवला. गाडीत रडला, वर थंडीने रडला आणि सूर्य उगवला तेव्हा झोपला होता. शिवाय वर इतकी गर्दी की आम्हाला समोरच्यांची डोकीच दिसली. चार वर्षांचं मूल असेल तर टायगर हिल पहिलं गाळा. मनापासून सांगतेय.

हिमशिखर
अजिबात गाळू नका! कांचनजंगा, ८५८६ मीटर, जगात तिसऱ्या क्रमांकाचं शिखर, आणि त्याच्यावर पहिला किरण पडतो तेव्हा आधी गुलाबी, मग केशरी होतं. हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्टचं टोकही दिसतं. नोव्हेंबर म्हणजे वर्षातलं सगळ्यात निरभ्र आकाश. नऊ वर्षांच्या मुलीला ते जन्मभर आठवेल. मुलाला झोपेतच शालीत गुंडाळून न्या.

सायली_ठाणे
@हिमशिखर, कांचनजंगा बघायला टायगर हिलच लागतं असं कुठे आहे? चौरस्त्यावरून (गावातला वरचा मोठा चौक) ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा मॉल रोड आहे, त्याच्या मागच्या अंगाला सकाळी सहा-साडेसहाला उभं राहिलं की पूर्ण रांग समोर असते. आम्ही दुसऱ्या दिवशी तिथूनच पाहिली, हातात गरम चहा घेऊन.

हिमशिखर
पण एव्हरेस्ट तिथून नाही दिसत.

घाटवाट
वाद थांबवा जरा. ताई, अजून कोण कोण आहे बरोबर? हॉटेल कुठे आहे? दार्जिलिंगमध्ये या एका प्रश्नावर सगळं ठरतं, कारण गाव उभं आहे. वर चौरस्ता, खाली हिल कार्ट रोड, मध्ये जिने आणि चढच चढ.

मृदगंध
आम्ही दोघं, मुलं आणि माझी आई. आईचं वय ६८. हॉटेल हिल कार्ट रोडवर, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. आणि हो, मुलाला घाट लागतो. महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात दोनदा गाडी थांबवावी लागली होती.

कापूरवडी
उंचीवर कापूर हुंगायला द्यायचा, लगेच आराम. आम्ही लेहला सगळ्यांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधल्या होत्या.

निळावंती
@कापूरवडी, दादा, राग मानू नका, पण मी बालरुग्ण विभागात नर्स होते म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या गळ्यात कापूर बांधू नका. मुलं तोंडात घालतात, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. आणि दार्जिलिंग लेहइतकं उंच नाही. सात हजार फुटांच्या आत-बाहेर आहे, लेह त्याच्या दीडपटीहून जास्त. प्रश्न उंचीचा नाहीच, वळणांचा आहे. उलटीच्या औषधाचं निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा. हलकं खायला घालून निघा, पोट रिकामं नको आणि तडसही नको. मोबाइल बंद, नजर समोर. आलेपाक जवळ ठेवा.

कापूरवडी
आमच्याकडे तीन पिढ्या वापरतात, कोणाला काही झालं नाही. पण मुलाच्या गळ्यात नको हे पटलं. मोठ्यांनी जवळ ठेवावा.

घाटवाट
घाट लागत असेल तर रॉक गार्डन गाळा, डोळे झाकून. तिथे उतरणारा रस्ता इतका तीव्र वळणांचा आहे की मोठी माणसंही हँडल धरून बसतात, आणि आलात त्याच रस्त्याने परत चढायचं असतं. धबधबा छान आहे, पण आपल्या कोकणातल्या माणसाने त्यासाठी मुलाचे हाल करू नयेत.

मिरिकचं पण बघा. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, मुलांना आवडेल, पण विमानाच्या दिवशी नको. ऑक्टोबर २०२५ च्या पावसात त्या बाजूला मोठ्या दरडी कोसळल्या, दुधियाचा पूल पडला. आता रस्ता कसा आहे ते ड्रायव्हरला नीट विचारा. मी असतो तर कर्सियांगवरून सरळ उतरलो असतो.

आईंना चालायला त्रास आहे का, तेही सांगा.

मृदगंध
हो, मार्चमध्ये डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालते. चढ आणि पायऱ्या जड जातात. हे मी आधी लिहायला हवं होतं.

रूळावरचा
मग तुमचं उत्तर तुमच्या हॉटेलच्या दारातच आहे. टॉय ट्रेन! दार्जिलिंग हिमालयन रेल्वे, १८८१ पासूनची, १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेली. दोन फुटी रूळ, आपल्या माथेरानच्या गाडीइतकेच. जॉय राइड दार्जिलिंगहून घूमला जाऊन दोनेक तासांत परत येते. वाटेत बतासिया लूपला (गाडी गोल वळसा घेते ती जागा) दहा मिनिटं थांबते, घूमला त्याहून जास्त. घूम हे भारतातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, २२५८ मीटर, आणि स्टेशनातच रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे. गाडी दुकानांच्या इतकी जवळून जाते की हात लांबवला तर टांगलेले स्वेटर लागतील (मुलांचे हात मात्र आत ठेवा).

आता नीट बघा : ड्रायव्हरचे थ्री पॉइंट म्हणजे टायगर हिल, घूमचा मठ आणि बतासिया. बतासिया आणि घूम स्टेशन या गाडीत आपोआप होतात, मठ तेवढा वेगळा. मग पहाटे उठण्याचं कारण एकच उरतं, टायगर हिल.

आणि वाफेच्या इंजिनाचीच घ्या. डिझेल घेऊ नका, ती मजा नाही.

घाटवाट
हे पटलं. ताई, जॉय राइडचं बुकिंग केलंय ना?

मृदगंध
नाही. ते तिथे स्टेशनवर मिळत नाही का?

रूळावरचा
अहो, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा आहे! आत्ताच्या आत्ता आयआरसीटीसीवर बघा. वार कोणते आहेत तुमचे?

मृदगंध
मंगळवारी संध्याकाळी पोचतो, शुक्रवारी दुपारी तीनचं विमान. बघते आत्ता.

वनराई
मध्येच विचारते, शाकाहारी जेवणाचं काय? आम्हालाही जायचंय आणि सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत.

सायली_ठाणे
@वनराई, मारवाडी पद्धतीची शाकाहारी भोजनालयं आहेत, सांगितलं तर कांदा-लसूण न घालता देतात. भाजी-पनीरचे मोमो सगळीकडे मिळतात, फक्त वाफवायचं भांडं वेगळं आहे का ते विचारा. सकाळी आलू दम खाऊन बघा, पण त्यांच्यासाठी नाही, त्यात लसूण असतोच.

निळावंती
थांबा, थांबा. बुधवार आणि गुरुवार हे तुमचे दोन पूर्ण दिवस. म्हणजे सेव्हन पॉइंट गुरुवारी येतोय? पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं!

घाटवाट
अरे हो! आणि लहान मुलांसाठी तोच खरा पॉइंट आहे. रेड पांडा, हिमबिबट्या, तिबेटी लांडगा. १९५८ सालचं आहे, मुद्दाम थंड हवेतल्या हिमालयीन प्राण्यांसाठी केलेलं. इथे जन्मलेले रेड पांडा सिंगालीलाच्या जंगलात सोडलेत. त्याच आवारात हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट. तेनसिंग नोर्गे यांनी १९५३ साली एव्हरेस्ट सर केल्यावर पुढच्याच वर्षी ती सुरू झाली, आणि तिथलं शिक्षण त्यांच्याच हाती होतं. त्यांची समाधीही तिथेच आहे. नऊ वर्षांच्या मुलीला तिथलं गिर्यारोहणाचं साहित्य नक्की दाखवा. गुरुवारी गेलात तर हे सगळंच गेलं.

पण आईंसाठी : फाटकापासून आत चढ आहे. बाकं आहेत, बसत बसत जा. नाहीतर त्यांना पहिल्या वळणापर्यंतच न्या.

मृदगंध
ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणाला, “दिदी, आपने दिन कहाँ बताया था?” खरंच, मी फक्त तारखेशिवाय “दोन दिवस” लिहिलं होतं. तुम्ही नसता तर गुरुवारी बंद फाटकासमोर मुलांना घेऊन उभी असते.

जॉय राइड : वाफेच्या इंजिनाची एकही जागा नाही. डिझेलची बुधवारी दुपारची मिळतेय, पाच जागा. घेऊ का?

रूळावरचा
घ्या, घ्या, आधी घ्या. मी मघाशी फार ताणून बोललो. वाफेचं इंजिन बघायचंच आहे ना? दार्जिलिंग स्टेशनसमोर रस्त्यापलीकडे लोको शेड आहे, तिथे ती जुनी निळी इंजिनं उभी असतात, पाणी भरत असतात, धूर सोडत असतात. काही शंभर वर्षांहून जुनी आहेत. मुलाला गाडी सुटायच्या आधी अर्धा तास तिथे न्या. रूळ मात्र रस्त्यालगतच आहेत, हात सोडू नका.

सह्यकडा
रोपवे करा पण! खाली चहाचे मळे, एकदम स्वित्झर्लंड.

निळावंती
रोपवेला मोठी रांग लागते, दोन तासही जातात. २००३ मध्ये तिथे अपघात झाला होता, नंतर बरीच वर्षं बंद होता, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला. आता नियमित चालतो, भीती घालत नाहीये, पण चार वर्षांचं मूल आणि दुखरा गुडघा घेऊन दोन तास उभं राहणं नको.

मृदगंध
डिझेलची तिकिटं काढली! आता असं ठरवतेय. बुधवार सकाळ प्राणिसंग्रहालय, दुपारी गाडी. गुरुवारी सकाळी मॉल रोडवरून कांचनजंगा, मुलांना चौरस्त्यावर घोडे. मग दुपारी काय? आणि स्टेशनपासून चौरस्त्यापर्यंत आई चढेल का?

घाटवाट
चढवू नका. क्लबसाइडपर्यंत टॅक्सी, तिथून नेहरू रोडने सावकाश. वळशाचा रस्ता बराचसा सपाट आहे आणि वर गाड्या नाहीत, मुलांना मोकळं सोडता येईल. टेकडीवर महाकाल मंदिर आहे, तिथे मात्र चढ आहे.

लक्षात ठेवा, तिथे सूर्य आपल्यापेक्षा फार लवकर मावळतो. नोव्हेंबरात पाचच्या आधीच, आणि लगेच गारठा पडतो. मुंबईच्या हिशोबाने “संध्याकाळी फिरू” म्हणाल तर अंधारात सापडाल.

सायली_ठाणे
गुरुवारी दुपारी तिबेटी निर्वासितांचं स्वयंसहाय्य केंद्र. १९५९ पासूनचं आहे. तिथे वयस्कर बायका बसून लोकर कातताना, गालिचे विणताना दिसतात. आई विणकाम करतात का? माझी आई तिथून हलायला तयार नव्हती.

मृदगंध
करते! दोन्ही मुलांचे स्वेटर तिनेच विणलेत. गुरुवारी उघडं असतं ना ते?

सायली_ठाणे
हो, सुट्टी रविवारी. गाडी अगदी दारापर्यंत जाते का ते मात्र ड्रायव्हरला आधी विचारून ठेवा.

हिमशिखर
टायगर हिल अजूनही माझ्या मनातून जात नाही. ताई, गुरुवारी पहाटे आकाश स्वच्छ दिसलं तर तुमचे यजमान आणि मुलगी दोघंच जाऊ देत. तुम्ही, आई आणि धाकटा झोपा.

मृदगंध
हे चालेल. मुलीला विचारलं, ती आत्तापासून कानटोपी शोधतेय. ड्रायव्हरला गुरुवारी पहाटे दोघांचंच सांगते, आणि शुक्रवारी नऊला हॉटेल सोडून कर्सियांगमार्गे विमानतळ.

निळावंती
तीनच्या विमानाला नऊ उशीर होईल. साडेतीन-चार तास धरा, वर मुलासाठी थांबावं लागलं तर अर्धा तास. आठला निघा.