जुन्या झेनचे व्हॅक्यूम पाईप: अख्खे बदलू का फक्त चिरलेले?

लातूरकर_झेन:
नमस्कार मंडळी, वडिलांची ९८ ची मारुती झेन आहे, कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग). ऊन वाढल्यापासून आयडलिंग (एक्सलेटर न दाबता इंजिनचं फिरणं) वरखाली व्हायलंय, एसी लावला की बंदच पडायलीय, अन् बॉनेट उघडलं की कार्बोरेटरच्या मागून स्सस्स आवाज येतो. मेकॅनिकनं आयडलिंगचा स्क्रू फिरवून दिला, थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. बारीक व्हॅक्यूम पाईप (इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालणारे) कडक झालेत, टोकाला चिरा पडल्यात. सिलिकॉनचे टाकावेत का साधे रबराचे? गाडी विकायची नाही, चालवायचीय.

जालन्याचा_मेकॅनिक:
भौ स्क्रूनं हे जाणार नाही. चिरेतून जादा हवा आत घुसते अन् पेट्रोल तेवढंच, मग इंजिन थरथरणारच. डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) जाणारी लाईन फुटली असंल तर पिकअप पण जातो अन् पेट्रोल जास्त पितं. सगळेच बदला, एक चिरला म्हणजे बाकीचे पण त्याच वयाचे, त्याच गरमीत शिजलेले, मे मधी आपल्याकडं बाहेरच ४२ असतं, बॉनेटखालचं तर विचारूच नका. आधी मोबाईलवर फोटो काढा अन् एक काढला की त्याच्या जागी नवा बसवा, मगच दुसऱ्याला हात लावा. ओढायचं नाही, प्लास्टिकचे निपल (पाईप बसतो ती टोकं) तुटतात, ब्लेडनं उभी चीर देऊन सोलून काढा.

परभणी_गॅरेज:
सिलिकॉन गरमीला चांगलं पण जिथं पेट्रोलची किंवा ऑइलची वाफ जाते तिथं नको, म्हणजे पीसीव्हीच्या (इंजिनातली ऑइलची वाफ परत आत ओढून घेणाऱ्या) पाईपला, तिथं नायट्राईल रबरच घ्या. अन् जाड घ्या, पातळ पाईप व्हॅक्यूमनं आतल्या आत चिपकतो. जुना तुकडा दुकानात न्या, आतलं माप जुळलं पाहिजे. फिश टँकचा पाईप कुणी सांगितला तर अजिबात ऐकू नका.
सगळ्यात आधी मात्र ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) जाड पाईप बघा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, पाय तसाच दाबून धरा अन् स्टार्ट करा, पेडल जरासं खाली गेलं पाहिजे.

लातूरकर_झेन:
दादा आत्ताच करून बघितलं, पेडल हललंच नाही.

परभणी_गॅरेज:
मग गाडी रोडवर काढू नका. बूस्टरच्या लाईनमधला वन-वे व्हॉल्व काढून फुंकून बघा, बूस्टरकडून इंजिनकडं हवा गेली पाहिजे, उलटी अजिबात नाही. दोन्हीकडून जात असंल तर व्हॉल्व गेला, पाईपासोबत तो पण नवा टाका अन् बसवताना दिशा बघा. तरी पेडल खाली नाही गेलं तर बूस्टर तपासावा लागंल, अन् ते काम ब्रेकवाल्याकडंच द्या.